टाकणखाराची मूठ

रहिमतपूरचे नानासो पोतदार जातीचे सोनार. टाकणखार आणि स्वतःचं मत या दोन गोष्टी त्यांनी कधी कमी वापरल्या नाहीत. पहिल्यानं सोन्यातला मळ सुटतो आणि दुसऱ्यानं गिऱ्हाईक, असं मी त्यांना चिडवायचो. गिऱ्हाईक सुटलं म्हणूनच पन्नाशीत ते सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे गडी झाले.

अठ्ठेचाळीस साली आमच्या प्राध्यापकांनी न्यूट्रॉन सोडणारी डबी मुंबईहून आठवड्यापुरती मागून आणली. भोवती पॅराफिन मेणाच्या विटा रचल्या की न्यूट्रॉन त्यांत आपटून मंदावतात आणि बरेचसे माघारी वळतात. आत ठेवलेल्या चांदीच्या पत्र्यात ते जितके शिरतील, तितकं मोजणीचं यंत्र जास्त टकटकतं. पत्रा नानासोंनी ठोकला. विटाही त्यांनीच ओतायच्या होत्या, देखरेख माझी. मी नवा डेमॉन्स्ट्रेटर.

मेण वितळलं आणि नानासोंनी दर खेपेला पातेल्यात टाकणखाराची मूठ सोडली. हे कशाला, असं मी विचारलं. भट्टीवर काही चढलं की सोनाराच्या हातून टाकणखार पडतोच, मळ खाली बसतो, म्हणाले. मला गंमत वाटली. हॉस्टेलवर सांगायला किस्सा झाला, म्हणून मी अडवलं नाही.

मोजणी अपेक्षेच्या निम्मीसुद्धा आली नाही. लढाईपासून मेण दुर्मिळ झालेलं. चांगलं मेण बाजारात विकून नानासोंनी भेसळीचं ओतलं, असं प्राध्यापकांनी ठरवून टाकलं. नानासो एवढंच म्हणाले की मेण तेच आहे, आणि माझ्याकडे बघितलं. मी वहीत डोकं खुपसलं. त्याच दिवशी त्यांना काढलं.

संध्याकाळी पुस्तकात सापडलं : बोरॉन मंद न्यूट्रॉन गिळून टाकतं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्यात बोरॉनच की! विटांच्या तळाशी पांढरा थर बसला होता आणि तीच बाजू आम्ही आत केली होती. पण सांगायला गेलो तर, तू काय बघत होतास, हे विचारलं जाणार. डबी मुंबईला परत गेली. मी गप्प.

तीन आठवड्यांनी न राहवून रहिमतपूर गाठलं. नानासो कुणाच्या तरी जोडव्यांना डाग देऊन सांधत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे मेण तेच हुतं."

"तेच होतं."

"तुमास्नी कवा कळलं, मास्तर?"

"त्याच दिवशी."

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "टाकणखार म्या टाकला, चूक माजी. पर लेकीच्या सासरी मला चोर म्हनत्यात. त्यो मळ कशानं सुटायचा?"

परतलो तो थेट प्राध्यापकांच्या दारात. त्यांनी सगळं लेखी मागितलं, मी दिलं. माझी कायम होणारी नेमणूक लांबली, ती बरोबरच लांबली. नानासोंना बोलावणं गेलं, पण ते आले नाहीत. माझ्या कबुलीची एक नक्कल मात्र त्यांनी मागवली, लेकीच्या सासरी धाडायला. सही ठळक असावी, असा निरोप होता.

ती नक्कल मी चार वेळा लिहिली. सही दर वेळी बारीकच यायची.