नत्थूजींचे बारा शब्द

मला लिहिण्याची सवय नाही. नत्थूजींबद्दल दुसऱ्या कोणी लिहिले असते तर बरे झाले असते. पण त्यांना ओळखणारे आता फारसे कोणी उरले नाहीत.

गोळीबार चौकाजवळ आम्ही शेजारी होतो. ते विणकर. १९५४ साली त्यांचा माग बंद पडला आणि पन्नाशी उलटल्यावर ते मिशनच्या एका दवाखान्यात फरशी पुसायला लागले. तिथे स्पेनहून आलेली एक म्हातारी सिस्टर होती. तिला लकवा झाला आणि पंचवीस वर्षे बोललेली इंग्रजी एका दिवसात गेली. उरली फक्त स्पॅनिश. ती काय मागते, कोणालाच कळेना. तिच्या कपाटात इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी केलेले स्पॅनिश शब्दांचे छोटे पुस्तक होते, पण ते चाळायला तिथे कोणाला सवड नव्हती. नत्थूजी ते मागून माझ्याकडे घेऊन आले. मी सचिवालयात कारकून होतो, इंग्रजी वाचता यायची.

"बाबूजी, थे पाणी मागते का दुखते म्हणते, मले समजलं पायजे. दिवसभर मीच तिच्याजवळ राह्यतो."

दिवसभराचा थकलेला माणूस पेंगत पेंगत घोकायचा. आगुआ, पाणी. दोलोर, दुखणे. फ्रिओ, थंडी. पुस्तकात होते, इंग्रज 'मी थंड आहे' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'मला थंडी आहे' म्हणतो.

"मंग आपल्यासारखंच बोलते ना गा! इंग्रजाचंच येगळं."

"माग गेला, आता राघू झाले," त्यांच्या बायकोने, मैनाबाईंनी, आतून टोला मारला.

लुगड्याच्या काठाचे रंग विणकर जसे क्रमाने लक्षात ठेवतो, तसे ते शब्द ठेवत. एका दोरीला सुताचे तुकडे बांधले. पाण्याला पांढरा, दुखण्याला लाल. घरात बारा रंगांचे सूत उरले होते, म्हणून शब्द बारा. ते मी निवडले. 'सोला' म्हणजे एकटी, हा शब्द मी गाळला.

"दवाखान्यात माणसंच माणसं असतात. हा कशाला?" मी म्हणालो होतो.

महिनाभर त्या दोरीवर भागले. मग एका संध्याकाळी नत्थूजी माझ्या उंबऱ्यावर मटकन बसले. दवाखान्यापासून एकच शब्द घोकत आले होते.

"सोला. सकाळपासून थेच म्हणून राह्यली. पाणी देल्लं, चादर देल्ली. आपल्या दोरीत नाही हा."

मला पुस्तक उघडावे लागले नाही. अर्थ सांगताना मान वर होईना.

नत्थूजी उठले. मैनाबाई पाणी घेऊन आल्या, त्यांना "राहू दे वं" म्हणाले, आणि आले तसे चालत परत दवाखान्यात गेले.

चार दिवस ते तिच्या खाटेशी स्टुलावर बसून होते. काम पडून राहिले म्हणून मेट्रनची बोलणी खाल्ली, पण उठले नाहीत. पाचव्या दिवशी सिस्टर गेली.

ते घरी आल्यावर मी भीत भीत विचारले, "काही म्हणाली का?"

"थो शब्द मंग म्हटलाच नाही तिनं," नत्थूजी म्हणाले, आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले.