कॅथेड्रलातली कोनशिला

चिखलीतलं आमचं जुनं दगडी देऊळ पाडून नवं बांधायचं, हे आमच्या ह्यांनी इंग्लंडला लेकाकडं निघण्याआधीच ठरवून टाकलं होतं. देवळाच्या कमिटीचे अध्यक्षच हे, अडवणार कोण? खरं कारण मला ठाऊक होतं. नव्या देवळाच्या कोनशिलेवर माझ्या सासऱ्यांचं नाव कोरायचं होतं. वडील गेल्यापासून ह्या माणसाच्या जिवाला तेवढा एकच घोर.

लेकानं एक दिवस तिथलं जुनं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, दाखवायला नेलं. ह्यांनी दारातच बूट काढले. थंडी मरणाची, पण ऐकतील तर शपथ. आत मी मान मोडेस्तोवर वर बघत राहिले. एवढं उंच छत, आणि ते सगळं दगडी कमानींनी तोललेलं. अलीकडच्या कमानी गोल, पलीकडच्या टोकदार. लेक म्हणाला, "आई, गोल आहेत त्या आधीच्या. मागून आलेल्यांनी जुनं पाडलं नाही, आपल्या पद्धतीनं पुढं जोडत गेले. ज्यांनी पाया घातला त्यांनी कळस बघितलाच नाही. पिढ्या गेल्या बांधण्यात."

ह्यांचं लक्षच नव्हतं. भिंती धुंडाळत होते. म्हटलं, काय हरवलंय? तर म्हणतात, "कोनशिला कुठं हाय? कमिटीची नावं?" मला हसू आवरेना. लेकानं फरशीकडं बोट दाखवलं. नावं होती, पण खाली पुरलेल्या माणसांची. हे चटकन बाजूला सरकले. मेलेल्या माणसावर पाय कसा द्यायचा, म्हणाले. मग वाकून एकेक दगड बघत बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी कितीतरी नावं पार पुसून गेलेली. ह्यांनी एका पुसट नावावरून बोट फिरवून बघितलं. माझा जीव तुटला, खरं सांगते.

गावी आल्यावर कमिटीची बैठक देवळाच्या मंडपातच बसली. मी दारापाशी बायकांत. हे उठून म्हणाले, "छत गळतंय तेवढं दुरुस्त करू. बाकी पाडायचं न्हाई."

मग कुणीतरी टोमणा मारलाच, "अध्यक्ष, मग वडिलांच्या नावाचं काय?"

हे शेवटच्या खांबापाशी गेले. सासरे रोज संध्याकाळी तिथं टेकून बसायचे. डोक्याचं तेल लागून लागून दगड तेवढ्याच जागी गुळगुळीत झालाय. ह्यांनी तिथं हात ठेवला.

"हे पाडून त्यांचं नाव कुठं लावू?"