नऊ बादल्यांचा खड्डा

अल्लीपुरात ताराचंद मिस्त्रीच्या गॅरेजवर पाटी आहे : 'स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे काम. इंजिनबद्दल विचारू नये.' एकदा एकानं विचारलंच. ताराचंद म्हणाला, "गाडी चालते काऊन, ते कंपनीले विचार. ती वळते कशी अन् आपटते कशी, तेवढंच मले समजते."

'पुढून कसातरी आवाज येतो' एवढं सांगून त्याच्याकडे भागत नाही. आवाज तोंडानं काढून दाखवावा लागतो. निवृत्त नायब तहसीलदार रूपरावजी एके काळी खाकरले की अर्धं कार्यालय उभं राहायचं. त्यांना मी भर रस्त्यात 'कुईं... कुईं' करताना पाहिलं आहे. ताराचंद डोळे मिटून ऐकत होता.

"साहेब, जरा बारीक काढा. एवढा जाडा नसन."

साहेबांनी बारीक काढला. समोरच्या मनकर्णाबाईंच्या चहाच्या टपरीवरून दाद मिळाली. चाकामागचा रबरी बुश वाळला होता, तो बदलला.

पण आवाज ऐकणं ही फक्त तोंडओळख. खरी तपासणी गॅरेजसमोरच्या खड्ड्यात व्हायची. वीस वर्षांचा जुना, रस्त्याला तिरपा पडलेला खड्डा. त्यातून गाडी नेली की डावं चाक आधी उतरायचं, उजवं मागाहून. ताराचंद मागच्या सीटवर बसायचा आणि गिऱ्हाइकाला तीन वेळा गाडी न्यायला लावायचा : एकदा हळू, एकदा जोरात, एकदा रिव्हर्स. मग उतरून बोट ठेवायचा. "डावीकडचा खालचा बॉल जॉइंट." पाना लावण्याआधीच निकाल. नागपूरच्या गॅरेजांत कॉम्प्युटर असतात, आमच्याकडे हा होता.

या खड्ड्याचं ताराचंद तोंड भरून कौतुक करायचा. "हा खड्डा हाय म्हणून मी हाव," असं दिवसातून दोनदा म्हणायचा. आणि इथंच घोटाळा झाला. आमच्या गावात सरळ कौतुक कोणी कोणाचं करत नाही. कौतुक ऐकू आलं की टोमणा आहे असं समजायचं आणि आपलं काय चुकलं ते शोधायचं. ग्रामपंचायतीचा मेंबर धनंजय वीस वर्षं समजत होता की मिस्त्री त्यालाच बोलून राहिला आहे.

यंदा ताराचंद साठ वर्षांचा झाला. त्या सुमारास तो दोन दिवस केळझरला, बहिणीच्या घरच्या कार्यक्रमाला गेला होता. धनंजयनं संधी साधली. तेवढ्यात खड्डा खडी-सिमेंटनं भरून गुळगुळीत केला, वर झेंडूच्या फुलांनी '६०' काढलं. यात मीही होतो. फुलांतलं शून्य माझं.

ताराचंद परतला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो फुलांजवळ येऊन थबकला.

"कोनं केलं?"

"आपनच! तुह्या वाढदिवसाची भेट," धनंजय छाती फुगवून म्हणाला. "वीस वर्षं आयकून घेतलं, मिस्त्री. आता बोल!"

ताराचंदनं पायानं फुलं सारून खालचं सिमेंट टाचेनं ठोकून पाहिलं. आपलं चुकलं आहे, हे मला तेव्हाच कळलं, पण शून्य माझं असल्यानं मी गप्प बसलो.

नेमक्या त्याच दिवशी वर्षाली मॅडमची गाडी आली. मॅडम शाळेत विज्ञान शिकवतात, रोज वर्ध्याहून येतात. गाडीच्या पुढून 'खट' असा आवाज यायचा आणि कुठलाही मिस्त्री आत बसला की बंद व्हायचा. दोन शहरांतल्या दोन गॅरेजांनी डावीकडचं बदलण्यासारखं सगळं बदललं होतं.

"काका, तुम्हालाही नाही सापडला तर गाडी विकून टाकते. रोज धास्तीनं चालवते मी."

"नाई सापडला तर पाटी उतरवतो," ताराचंद बोलून गेला. वीस वर्षांची सवय होती त्याला. बोलल्यावर त्याची नजर रस्त्याकडे गेली आणि तोंड उतरलं.

तीन दिवस, मॅडम शाळेत असताना, त्यांच्या गाडीतून आम्ही खड्डे शोधत फिरलो. गाडी मी चालवायचो, ताराचंद मागे डोळे मिटून. आमच्या जिल्ह्यात खड्डा मिळत नाही असं सांगितलं तर लोक हसतील, पण मनाजोगता मिळेना. हिंगणघाटच्या रस्त्यावरचा पाहून तो म्हणाला, "हा गोल हाय. दोन्ही चाकं संगंच पडते." पुलगावकडचा एक दाखवला. "हा लयच मोठा. यात आवाज नाई, गाडीच हरवन." गाडी मात्र हूं की चूं करेना. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं खरंच पाटी काढली, फडक्यानं पुसली आणि भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

ते पाहून मनकर्णाबाई कपबशा टाकून आल्या. धनंजयला म्हणाल्या, "बुजवाले तू होता, आता खनाले कोन येईन? तुहा बाप?"

"काकू, रस्ता नाई खोदता येत आता. सरकारी काम हाय."

"मंग मिस्त्रीच्या अंगनात खन!"

"पन माप कोनापाशी हाय?"

"माह्यापाशी. कपबशा धुतलेलं पानी वीस वर्षं त्यातच टाकून राह्यली मी. नऊ बादल्यांत काठोकाठ भरे. दहावी टाकली का टपरीच्या बाकड्यावर बसलेल्या रूपरावजीच्या चपलेपर्यंत जाये."

खोली मिळाली, पण कड किती उभी होती? इथं माझा उपयोग झाला. सहा वर्षांपूर्वी मी स्कूटरसकट त्या खड्ड्यात गेलो होतो, कड लागली तिथं नडगीवर वण आहे. ताराचंदनं मला उभं करून टाचेपासून वणापर्यंत टेप लावला. माझ्या आयुष्यात इतक्या आदरानं कोणी माझा पाय धरला नव्हता.

धनंजयनं स्वतः कुदळ मारली. शर्ट घामानं पाठीला चिकटला, पण थांबला नाही. ताराचंद तिरपी रेघ आखत होता, मनकर्णाबाई बादल्या ओतत होत्या. आठव्या बादलीलाच खड्डा भरला. "आनखी खन," बाई म्हणाल्या. नऊला काठ भिजला. पाणी उपसून दोन दिवस वाळू दिला आणि मॅडमना बोलावलं.

मॅडम चालवायला, ताराचंद मागे. हळू नेली. काही नाही. जोरात नेली. काही नाही. धनंजयनं माझा हात घट्ट धरला. मग रिव्हर्स. डावं चाक वर, उजवं खाली, आणि खट!

"थांबा!" ताराचंद दार उघडून आधी बोट घेऊनच बाहेर आला. "उजवीकडचा लिंक रॉड! दोन्ही चाकं संगं पडली का हा गप्प रायते. एक वर, एक खाली झालं का बोलते, तेबी कधीमधी. आवाज डावीकडं आयकू येते, म्हणून समदे तिकडंच खोलून राह्यले."

रॉडचा वरचा सांधा खिळखिळा झाला होता. अर्ध्या तासात नवा बसला. मॅडमनी तीन फेऱ्या मारल्या, आवाज नाही. त्यांनी आनंदानं हॉर्न वाजवला. ताराचंद म्हणाला, "हॉर्नचं काम आपन करत नाई."

पाटी पुन्हा वर गेली. धनंजयनं शिडी धरली होती. वरून खिळा ठोकता ठोकता ताराचंद म्हणाला, "धनंजय, तुह्यासारखा मेंबर गावाले मिळाला नाई, गड्या."

त्याला आता आठ दिवस झाले. धनंजय मला रोज गाठून विचारतो, "भाऊ, खरं सांगा. ते कौतुक होतं का टोमना?"

मी त्याला म्हटलं, ताराचंदच्या अंगणात जाऊन बघ. त्यानं खड्ड्याच्या काठानं विटा बसवल्या आहेत आणि लहानसा फलक लावला आहे : 'सौजन्य : धनंजय मेंबर. कृपया बुजवू नये.'

धनंजय तो वाचून आला. आता दिवसातून दोनदा विचारतो.