बायोची वाटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा एवढा भाग मी गाळते — जणू त्याला ठाऊकच नसेल. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्या घरी येणार नाही आणि सासूबाईंशी बोलणार नाही.

विषय तसा हसण्यासारखा. मांजराचं खाणं! हसा हवं तर. मीही कितीतरी दिवस स्वतःला हेच सांगत होते — एवढं काय त्यात, मांजर तर होतं.

आम्ही बिरवाडीत भाड्याच्या खोल्यांत राहतो — मी, नवरा आणि लहान मुलगा. नवरा औद्योगिक वसाहतीत कामाला, पाळ्यांची नोकरी. सासरे गेले, तेव्हा आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाची आपली वाडी सोडून सासूबाई आमच्याकडे आल्या. म्हशी दिरांना दिल्या. सोबत आणलं काय, तर फडकं बांधलेली एक टोपली आणि आत मांजरं. बायो — पांढरी, गलेलठ्ठ — आणि तिची पोर चिमी.

बायो सासूबाईंच्या हातचंच खायची. सुकटीचा भात, बोटांनी मऊ कालवलेला. रोज माझ्या ओट्यावर सुकट भाजली जायची. मी महाड शहरात वाढलेली, बारावी झालेली. पण मला तो वास झोंबत नव्हता हो. माझ्या स्वयंपाकघरात मांजरानं काय खायचं ते त्या ठरवतात, हे झोंबत होतं. खरं कारण हे. मांजराचं भलं वगैरे मागाहून सुचलं.

मग मोबाईलवर बघून बघून मी पंडित झाले. भातात मांजराला कस मिळत नाही, चांगलं खाणं द्यायला हवं, वगैरे. महाडातून मांजराच्या खाण्याचं चांगल्यातलं पाकीट आणलं आणि जाहीर केलं — आजपासून भात बंद. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यावं, असं पाकिटावर छापलं होतं. वाचलं होतं मी. पण मिसळायचं म्हणजे सुकट ओट्यावर राहणारच. मग माझ्या शब्दाला घरात काय किंमत?

चिमी पहिल्याच दिवशी ते दाणे कुरूकुरू खायला लागली. बायोनं वास घेतला आणि मागं सरली.

“ती नाय खायाची गो,” सासूबाई म्हणाल्या. “घासभर भात घालू काय?”

“भूक लागली की खाईल,” मी म्हटलं.

नाही खाल्लं. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि इथं — इथंच तो गाळलेला भाग आहे. सासूबाईंचं खरं ठरणार होतं, मी तोंडावर पडणार होते. मी वाटी उचलली, मागच्या दारी शेजारणीच्या कोंबड्यांपुढं ओतली, परत जागेवर आणून ठेवली. “बघा आई, खाल्लं की नाही?” त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण रिकामी वाटी तेवढी दिसली. त्यांना केवढा आनंद झाला! आपलं चुकलं म्हणून तोंड वाकडं करणं नाही, काही नाही. बायो जेवली, एवढंच.

मग रोज तेच. कोंबड्या माझी चाहूल लागली की धावत यायला लागल्या.

बायो मला दिसत नव्हती का? दिसत होती. पाठीचा कणा वर आला होता. सासूबाई तिच्यावरून हात फिरवत विचारायच्या, “खाते तर मग अशी का झाली गो?” मी म्हणायचे, जुनं खाणं सुटलं की होतं तसं. कुठून सुचलं हे? आणि थांबता आलं नसतं का? रोज येत होतं. पण बायो भातावर तुटून पडली असती, तर आदल्या दिवसांच्या रिकाम्या वाट्यांचं काय सांगणार होते?

एका सकाळी ती ओकली. कानांची आतली कातडी पिवळी दिसली. रिक्षा करून आम्ही दोघी महाडला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी सरळच विचारलं — उपाशी किती दिवस आहे? लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर जातं, म्हणाले. तसं असेल तर इथंच ठेवा, नळीनं पोटात अन्न घालू, वाचू शकेल. वाचू शकेल — नीट ऐकलं मी. सासूबाई शेजारीच होत्या, बायोला पदरात धरून.

“परवापर्यंत खात होती,” मी म्हटलं. “वाटी रिकामी व्हायची.”

मग काही वेगळं पोटात गेलं का, असं डॉक्टरांनी विचारलं. सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. “मीच दिला काल घास. सुकटीचा. हिला नाय सांगितलं.”

डॉक्टरांनी सुकटीवर बोट ठेवलं, इंजेक्शन दिलं, औषध लिहून दिलं. घरी आणल्यावर बायो सासूबाईंच्या मांडीवरच गेली. नवरा त्यांना म्हणाला, “आई, सांगितलं होतं ना तिनं?” मी चहा गाळत होते.

चिमी आहे अजून. चांगलं खाते, अंगावर तुकतुकी आहे. सासूबाई तिला हातानं काही भरवत नाहीत. माझ्या मुलाला बिस्कीट द्यायचं तरी आधी मला विचारतात — “देऊ काय गो?” चाळीत सांगत फिरतात, माझी सून शिकलेली, तिला सगळं कळतं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. हे सहन होत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांची बहीण पोलादपूरहून आली होती. जेवताना चिमी पानाजवळ आली. बहीण म्हणाली, “घाल की गो तिला घास.”

“नको,” सासूबाई म्हणाल्या आणि हात पाठीमागं घेतला. “बायो माझ्याच हातानं गेली.”

मी समोरच बसले होते. त्यांच्या पानातला भात संपत आला होता. मी आणखी भात वाढला.