चाळीस लिटरची बॅग आणि भावोजी

माझ्या भावोजींनी जन्मभर दुसऱ्यांची घरं हलवली. घरसामान पोचवणाऱ्या एका कंपनीत ते हमाल म्हणून लागले आणि मुकादम होऊन बाहेर पडले. तेही गुडघ्याने दगा दिला म्हणून, नाहीतर आजही कुणाचं तरी कपाट पाठीवर घेऊन जिना उतरत असते. त्यांच्या हातून काचेचं सामान कधी फुटलं नाही आणि हे सांगायला ते कधी विसरलेही नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा फडताळ उघडून त्यांनी माझ्या आईला बरण्या कशा चुकीच्या लावल्यात ते समजावलं होतं. ते गेल्यावर आई म्हणाली, "जावई चांगला आहे, पण त्याला स्वयंपाकघरात सोडू नका."

ताईचं आयुष्य याच्या अगदी उलट गेलं. ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसायची आणि गाल धरून आलेल्या लोकांना "बसा, पाच मिनिटांत बोलावते" म्हणायची. निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं, की आता आपण वर्षभर फिरणार. झेंडा धरलेल्या माणसामागे रांगेने चालत नव्हे, तर पाठीवर एक बॅग घेऊन. एका गावात खोली घ्यायची, महिनाभर राहायचं, कंटाळा आला की पुढचं गाव. मुलगा आपल्या मार्गाला लागलेला, फ्लॅटला भाडेकरू मिळालेले. "आणि अहो, तुम्हीही येताय," असं तिने वर्तमानपत्राआड बसलेल्या भावोजींना सांगितलं.

भावोजी "बघू" म्हणाले. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ताईने आपलं तिकीट काढलं आणि त्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं. "तुमची बॅग तुम्ही स्वतः चार मजले खाली न्यायची आणि वर आणायची. मध्ये कुठे बसायचं नाही. डॉक्टरांनी तुम्हाला जड ओझं उचलायला बंदी केलीय, आणि दोघांच्या बॅगा मला झेपणार नाहीत. हे जमलं की त्याच दिवशी तुमचं तिकीट. नाही जमलं तर मी एकटी जाईन." माझी ताई पोकळ धमक्या देत नाही. मुलाला लहानपणी एकदा "पुन्हा हट्ट केलास तर बसमधून उतरवीन" म्हणाली होती, तेव्हा खरोखर उतरवलं होतं. स्वतःही उतरली, ती गोष्ट वेगळी.

बॅगा घ्यायला मीही गेले. दोघांच्या मध्ये कुणीतरी लागतं. मी औषधाच्या दुकानात बसते, पण भावोजी मला वकीलबाई म्हणतात, कारण मी कुणालाही शेवटचा शब्द बोलू देत नाही. दुकानातल्या मुलीने ताईच्या पाठीवर एक करडी बॅग चढवली, आत वाळूच्या पिशव्या टाकल्या आणि कंबरपट्टा आवळला. "ओझं खांद्यांवर नाही, कमरेवर बसलं पाहिजे," ती म्हणाली. ताई दुकानभर चालली, वाकली, बुटाची नाडी बांधून पाहिली. बॅग तिन्ही बाजूंनी चेन उघडून सुटकेससारखी पसरत होती, म्हणजे तळातलं काही काढायला सगळं उपसायला नको. ताईला ती आवडली. बॅगेत किती मावतं ते लिटरमध्ये मोजतात, ही चाळीस लिटरची होती.

"लिटर?" भावोजी म्हणाले. "दूध आणायला निघालोय का आपण?"

ते तोपर्यंत प्रत्येक बॅगेची शिवण ओढून पाहत होते. त्यांना दुकानातली सगळ्यात मोठी हवी होती आणि खाली चाकं हवी होती. चाकांचं स्वतःचं वजन असतं, आणि जिन्यात नि दगडी रस्त्यावर ती उचलूनच न्यावी लागतात, हे त्या मुलीने त्यांना दोनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "एवढ्याशा पिशवीत वर्षाचं सामान बसवून दाखव," ते म्हणाले.

"काका, वर्षाचं भरायचंच नसतं. आठवड्याचं भरायचं आणि धूत राहायचं."

तिने त्यांना वर्षभर आंघोळ करू नका असं सांगितल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले. शेवटी ताईसारखीच बॅग त्यांच्या हाती आली, काळ्या रंगाची, आणि घरी येईपर्यंत ते तिची शिवण ओढत राहिले.

ताईचं भरून झालं ते एका सकाळी. तिने सगळं पलंगावर मांडलं आणि निम्मं उचलून परत कपाटात टाकलं. तीन जोड कपडे, त्यातला एक अंगावर. पटकन वाळणारा पातळ टॉवेल, एक शाल, रबरी चपला, औषधं, कपडे वाळत घालायची दोरी. बॅगेत वर चांगली वीतभर जागा उरली आणि ती तशीच ठेवणार होती. भावोजींनी येऊन पाहिलं, आणि त्या जागेत चिकटपट्टीचं एक जाडजूड रीळ बसवून निघून गेले. ताईने ते काढलं. जरा वेळाने तिथे घड्या घातलेली वर्तमानपत्रं आली. ती काढली, तर जुनी चादर.

"अहो, चाललंय काय तुमचं?"

"रिकामी जागा ठेवायची नसते," भावोजी म्हणाले. हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. खोक्यात जागा राहिली की माल हलतो, हलला की फुटतो. म्हणून कपात मोजे, पातेल्यात कप, आणि उरल्यासुरल्या फटीत कागदाचे बोळे. हाच नियम त्यांनी हजारो घरांना लावला होता. तो आपल्या पाठीला लावायचा नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्यांची स्वतःची बॅग भरायला अख्खी दुपार लागली. दार लावून भरली. बाहेर आली ती इतकी सुबक, चौकोनी, की भरल्यासारखी नाही, ओतल्यासारखी वाटत होती. मी उचलायला गेले आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. आत होते पेचकस, पाने, पक्कड, हातोडी, दोरखंड, माल बांधायचे पट्टे, दोन कुलुपं, आणि या सगळ्याला धक्का लागू नये म्हणून गुंडाळलेलं एक कांबळं. कपडे फटींमध्ये होते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर मोत्यांनी नाकच दिसेनासं झालं होतं.

तरी ते जिना उतरायला निघाले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. खाली गेले ते नीट गेले. आम्ही दोघी वर कठड्याशी उभ्या. येताना पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि पुढे काही ऐकू येईना. मी वाकून पाहिलं, तर भावोजी पायरीवर बसलेले, हात गुडघ्यावर. शेजारच्या बाई भाजी घेऊन वर येत होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो, इथे का बसलात?" तर म्हणतात, "लाईटवाला यायचाय, त्याची वाट बघतोय."

ताई आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

बॅग मीच ओढत वर आणली आणि मग माझा ताबा सुटला. "भावोजी, हातोडी कशाला लागते हो फिरायला?"

"लागते."

"कुणाला?"

"कुणालाही. टेबलाचा पाय डुगडुगतो, कडी निसटते."

"मग बसा इथेच ठोकत! ताई जाईल ना एकटी!"

ते बॅगेचा पट्टा सरळ करत बसले. मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस फ्लॅट रिकामा करण्यात गेले. शेगडी आणि चहाची भांडी सोडली तर घरातली एकूण एक वस्तू त्यांनी खोक्यांत भरून माझ्या मागच्या खोलीत रचली, अशी की माझ्या खिडकीचा उजेडही बंद झाला. काळी बॅग मात्र तशीच राहिली. त्यातून ते रोज एक वस्तू काढत आणि संध्याकाळी दुसरी घालत. ताईची निघायची तारीख अगदी तोंडावर आली आणि त्यांचं तिकीट अजून निघालेलं नव्हतं.

मग एका सकाळी ताईने पदर खोचला. "अहो, सामान भरताना तुम्ही घरमालकाला कुठे बसवायचात?"

"बाहेर," भावोजी म्हणाले. हीही त्यांच्या धंद्यातली रीत. मालक आत असला की प्रत्येक वस्तूला हात लावतो, हे राहू दे, ते असू दे करतो, आणि काम संपत नाही. म्हणून त्याला गोड बोलून जिन्यात खुर्ची टाकून द्यायची.

"मग बसा बाहेर. आज तुम्ही मालक."

खुर्च्या केव्हाच माझ्याकडे पोचल्या होत्या. ते मुकाट्याने पायरीवर जाऊन बसले आणि ताईने दार लोटलं. आम्ही बॅग उघडून रिकामी केली. फरशीवर हत्यारांचा ढीग झाला. ताई त्यांचे सदरे घडी करता करता अचानक थांबली. "नाही आले ना हे, तर मी जाईन," ती म्हणाली. "पण मला यांच्याशिवाय जायचं नाहीये गं."

"मग हे त्यांना सांग की!"

"सांगितलं तर माझ्यासाठी येतील. बायकोचं सामान पोचवायला आल्यासारखे."

ती रडत होती. ताईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय. मी दोन कप चहा केला आणि एक घेऊन बाहेर गेले.

भावोजींनी चहा घेतला, पण प्यायले नाहीत. "हातोडी काढली?"

"काढली."

"पाने?"

"सगळं काढलं."

त्यांनी मान हलवली. "वकीलबाई, मी किती गावं पाहिली असतील सांग. मोजता येणार नाहीत. डोंगरातली, समुद्राकाठची. पण राहिलो कुठेच नाही. सामान उतरवायचं, मालकाची सही घ्यायची, गाडीत बसायचं. मालकीणबाई पाणी द्यायची ते उभ्यानेच प्यायचं." त्यांनी कप हातात फिरवला. "सामान उतरवल्यानंतर माणसं तिथे काय करतात, हे मला माहीत नाही गं. हिला सगळं बघायचंय. मी नुसता बसून काय करू? हत्यारं असली म्हणजे कुणाचं काही दुरुस्त तरी करून देईन. नाहीतर माझं तिथे काय काम?"

मला शेवटचा शब्द बोलायची सवय आहे. त्या दिवशी मला पहिलाही सापडला नाही. माझ्या मागे दार उघडं होतं आणि ताई त्यात उभी होती, हातात त्यांचा घडी केलेला सदरा.

"काही काम नाही तुमचं," ती म्हणाली. "तुम्ही कामाचे आहात म्हणून नेत नाहीये मी तुम्हाला. मला तुम्ही सोबत हवे आहात. शेजारी बसायला."

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातात कप दिला, भिंतीला धरून उठले आणि आत गेले. बॅगेत तीन जोड कपडे होते, टॉवेल, औषधं, गुडघ्याचा पट्टा. वर बरीच जागा होती. त्यांचा हात एकदा त्या जागेकडे गेला खरा, पण त्यांनी तो चेन लावायला वापरला. कंबरपट्टा ताईने आवळून दिला. ते खाली गेले आणि वर आले, सावकाश, पण मध्ये कुठेही पाऊल थांबलं नाही. वर आल्यावर धापा टाकत म्हणाले, "माल हलतोय आत." ताई म्हणाली, "हलू दे." आणि तिने फोन काढून तिकीट काढायला घेतलं.

ते गेले त्याला दोन दिवस झाले आणि ताईचा फोन आला. समुद्राकाठी खोली मिळाली होती, वर छोटी गच्ची. ती हळू आवाजात सांगत होती. खोलीत शिरल्यावर भावोजींनी दोन्ही बॅगा कोपऱ्यात नीट लावल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. ती तोंड धुऊन आली तरी उभेच. घरमालकीण पाणी घेऊन आली, तर तेही त्यांनी उभ्यानेच प्यायलं. मग ताईने त्यांचा हात धरून त्यांना पलंगावर बसवलं. "म्हटलं, अहो, आपण इथे राहायला आलोय."

"मग?" मी विचारलं.

"थांब, तेच बोलतायत."

फोन भावोजींकडे गेला. आवाज जड होता, नुकता उठलेल्या माणसाचा.

"वकीलबाई, मी आज दुपारी झोपलो," ते म्हणाले. "चांगली गाढ झोप लागली. कुणी उठवलंच नाही गं मला."