पंखावरचे किडे

हे गेले त्या पहाटे मी पहिला फोन मुलीला केला आणि दुसरा दिघीला युसुफभाईंना. मुलगी रडली.  युसुफभाई म्हणाले, "भाभी, निघालो," आणि माणगावला आमच्या दारात येऊन उभे राहिले ते अंगात एक शर्ट आणि हातात घडी केलेला दुसरा, असे. घाईत कुठला घालायचा होता हेच कळलं नव्हतं म्हणे. दिवसभर सगळं त्यांनीच पाहिलं. स्मशानातून आल्यावर अंगणात बसले आणि एवढंच म्हणाले, "आता शनिवारी मी काय करू?" जमलेल्यांना त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला, आणि तो सांगावा म्हणूनच हे लिहिते आहे. नाहीतर नवऱ्याचं कौतुक चारचौघांत करायची आपली पद्धत नाही.

आमचे हे, म्हणजे विनायक, यांनी जन्मभर मुंबईला विमानांना रंग द्यायचं काम केलं. निवृत्त होऊन गावी आल्यावर लोक कलमं लावतात, कोंबड्या पाळतात. यांनी विमान घेतलं. खोटं नाही सांगत. युसुफभाई यांचे शाळेपासूनचे दोस्त, तेही तेव्हाच आखातातली नोकरी सोडून परत आले होते. दोघांनी मिळून एक जुनं, दोनच माणसं मावतील असं पांढरं विमान आणलं, उडवायचं रीतसर शिकले, परवाने काढले, आणि दिघीच्या वाटेवर माळावर एक खासगी धावपट्टी आहे तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते ठेवलं. भावकीने 'साठी बुद्धी नाठी' असं तोंडावर म्हणून घेतलं. मी तर त्याहून वाईट बोलले. दर शनिवारी हे वर जायचे आणि मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे उगाच पुन्हा पुन्हा उलटत आभाळाकडे बघत बसायची. त्या विमानाच्या नावाने मी जितकी बोटं मोडली तितकी सासूच्या नावानेही मोडली नसतील.

खरं सांगायचं तर यांचा जीव उडण्यापेक्षा धुण्यात जास्त होता. विमान खाली उतरलं की पंखाच्या पुढच्या कडेवर, नाकावरच्या फिरत्या पंख्यावर, काचेवर किडे चिरडून चिकटलेले असतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते वाळू द्यायचे नाहीत, रात्रभर ठेवायचे नाहीत, त्यांचा रस रंग खातो. पण म्हणून घासायचंही नाही. माझ्या जुन्या सुती साड्या फाडून यांनी लांब पट्ट्या केल्या होत्या. कोमट पाण्यात लहान बाळाच्या शॅम्पूचे दोनचार थेंब टाकायचे, पट्टी त्यात बुडवायची आणि पंखाच्या कडेवर अलगद पांघरायची. मग बसून राहायचं. चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, पट्टी सुकायला लागली की पुन्हा पाणी शिंपडायचं. किडा भिजून फुगला की आपला आपण सुटतो. तेव्हा पट्टी उचलायची, हलक्या हाताने एकदाच पुसायचं आणि पट्टीची ती बाजू पुन्हा वापरायची नाही. "भांडण मिटवायचं तसं आहे हे," मला म्हणायचे, "आधी भिजू द्यायचं." आमच्या घरातलं एकही भांडण यांनी असं भिजवून मिटवलेलं मला आठवत नाही, पण ते असो.

युसुफभाईंचा पिंड वेगळा. त्यांच्या घरच्या होड्या. होडीच्या बुडाला शेवाळ धरलं की नारळाचा काथ्या घ्यायचा आणि खसाखसा घासायचं, हे हाताला लहानपणापासूनचं. विमान आणलं त्या वर्षी एकदा हे बाजारात गेलेले असताना त्यांनी मित्राला खूश करावं म्हणून काथ्याने पंख घासून ठेवला. किडे गेले, त्यांच्याबरोबर रंगाची चकाकीही गेली, वर हातभर लांब ओरखडे. हे आले, पाहिलं आणि तिथेच उकिडवे बसले. युसुफभाई म्हणाले, "अरे, चकाचक केलं की!" यावर हे काय बोलले ते तुमच्या पेपरच्या पुरवणीत छापता येणार नाही. पुढचे कितीतरी दिवस दोघं माझ्यामार्फत बोलत होते. "त्याला सांग", "भाभी, त्याला विचारा"... दोघेही समोरासमोर खुर्चीत बसलेले, आणि मी मध्ये पोस्टमन. शेवटी यांनीच रंग कालवला, ओरखडे भरले, आणि काथ्याला शेडमध्ये यायची बंदी झाली.

मग यांच्या हृदयाचं निघालं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि उडवायला लागतो तो तब्येतीचा दाखला मात्र दिला नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पालीला जाऊन बल्लाळेश्वराला नारळ फोडून आले. पण घरी हा माणूस मिटत चालला. जेवायचे दोन घास, रेडिओ लावायचे नाहीत, माझ्याशी भांडायचे नाहीत. मी मुद्दाम खारट आमटी करून पाहिली, मुकाट्याने जेवले. नवरा हवेतून पडेल म्हणून इतकी वर्षं घाबरले, आणि आता तो माझ्यासमोर खुर्चीत बसल्या बसल्या संपत होता. कुणाला सांगणार? युसुफभाईंना सांगितलं.

ते शनिवारी गाडी घेऊन दारात. म्हणाले, "विनूभाय, उडवायला मी एकटा बस आहे. पण धुणार कोण? माझ्या हाताला काथ्याची सवय." हे उठले. नुसते उठले नाहीत, पट्ट्या कुठे ठेवल्यास म्हणून माझ्यावर ओरडले. मला इतकं बरं वाटलं त्या ओरडण्याने! तेव्हापासून दर शनिवारी मीही जाऊ लागले. युसुफभाई संध्याकाळी वर जायचे आणि ऊन उतरता उतरता परत यायचे. पंख असे बरबटलेले की विचारू नका. हे बादली घेऊन तयारच. "अरे, जरा वरून उडत जा की. सगळ्या तालुक्याचे किडे गोळा करून आणलेस," असं सुरू व्हायचं. युसुफभाई मान खाली घालून म्हणायचे, "म्हातारा झालो, उंची कळत न्हाय." मग दोघं पट्ट्या पांघरायचे, मी थर्मास उघडायची. हे पुन्हा जेवायला लागले. आमटीला नावं ठेवायला लागले. ती वर्षं आम्हाला जास्तीची मिळाली असं मी धरते.

यांचं सगळं कार्य आटोपल्यावर युसुफभाई आले.  म्हणाले, "भाभी, एक गोष्ट त्याला सांगायची राहिली. मी मुद्दाम खालून यायचो. सांजचे खाडीवर, भातावर किडे उठतात ना, त्यांच्यातून. वर राहिलो असतो तर पंख कोरडा आला असता. मग तो काय धुणार?"

मी म्हटलं, "त्यांना ठाऊक होतं."

आणि पुढे सांगितलं, "पहिल्याच महिन्यात कळलं होतं. स्कूटरवरून घरी येताना मला म्हणाले, 'येडा माझ्यासाठी किडे वेचतोय. तू बोलू नकोस हां, नाहीतर लाजेल आणि वरून उडायला लागेल.'" युसुफभाई आधी हसले. मग त्यांनी चष्मा काढला, आणि मी आत चहा टाकायला गेले.

परवाच्या शनिवारी ते विमान काढणार होते. बंद ठेवून खराब होईल, म्हणाले. मी पट्ट्या आणि बादली घेऊन गेले. ते म्हणाले, "भाभी, आज उंचावरून जाऊन येतो. तुम्हाला उगाच त्रास नको." गेले, परत आले, विमान शेडपुढे उभं केलं. मी पंखाच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. एक किडा नव्हता. यांना इतकं स्वच्छ विमान कधी मिळालं नसेल.

ऊन अजून होतं. मी बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "युसुफभाई, पुन्हा जा. आणि जरा खालून या."