शून्य लिहायचं नाही

संख्याशास्त्राची पदवी मी गुलबर्ग्याला घेतली आणि नोकरी लागली ती पिकांच्या आकड्यांच्या ऑफिसात, बीदरला. आमच्या वस्तीतली टेबलामागे बसून सही करणारी मी पहिलीच. त्यामुळे खरेपणाचा मला जरा जास्तच ताठा होता. तो ताठा माझ्याच माणसांना भोवला, आणि इतक्या वर्षांनीही ते मनातून जात नाही.

काम तसं साधं होतं. ज्वारी तयार झाली की चिठ्ठीने निघालेल्या शेतात दोरी आणि खुंट्या लावून एक लहानसा चौकोन आखायचा. तेवढीच ज्वारी कापून, मळून, दाण्यांचं वजन फॉर्मवर लिहायचं. हे तलाठी करत. वीस-पंचवीस गावांची मिळून एक होबळी. होबळीतल्या अशा सगळ्या शेतांची सरासरी आम्ही काढायचो आणि तिच्यावरून ठरायचं, तिथं दुष्काळ आहे की नाही. दुष्काळ ठरला तर सरकारी वैरण आणि पाण्याचा टँकर. नाही ठरला तर आपलं नशीब आपल्यापाशी.

सरासरीसाठी कॉम्प्युटर आला होता. पण त्यातला प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांच्या जमान्यातला. राजधानीत कुणीतरी तो केला होता आणि करणारा केव्हाच निवृत्त झाला होता. एक आकडा चुकला की पहिल्या फॉर्मपासून सगळं पुन्हा भरायचं. वीज गेली तरी तेच, आणि वीज तर रोजच जायची. साहेबांना सांगितलं की ते म्हणायचे, चालतंय ना, चालू द्या.

त्या वर्षी कापणीआधी तलाठ्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं. जुने फॉर्म चाळताना एक गोष्ट मला खटकली होती. कुठल्याच गावात, कुठल्याच साली शून्य नव्हतं. करपून गेलेल्या शेतातही दहा ग्रॅम. मी फळ्यावर भलं मोठं शून्य काढलं आणि बजावलं, काही निघालं नाही तर हेच लिहायचं. पदरचे दहा ग्रॅम घालणं हा खोटेपणा आहे.

मागच्या बाकावर आमच्या संतपूर भागातले एक म्हातारे तलाठी बसले होते. जुन्या राजवटीत, शिकाऊ असताना, उर्दूत दफ्तर लिहिलेला माणूस. ते उठून म्हणाले, "अक्का, दहा ग्रॅम लिवायची रीतच हाय. मागच्या एका सायबानं लावून दिलेली. कामून ते म्हाईत न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, अण्णा, आता रीत बदलली. त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

त्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. ज्वारी पोटऱ्यात आली आणि तिथंच वाळली. आमच्या होबळीत बारा शेतं निघाली होती. आठांत शून्य, आणि विहिरीखालच्या चारांत बरी ज्वारी. आठांतलं एक माझ्या वडिलांचं, आप्पांचं. मशीनमधून कागद निघाला तो म्हणत होता, पीक चांगलं. मी हाताने सरासरी काढली तर ती त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच येत होती. मग कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसलं, मोजलेली शेतं चार.

राजधानीला फोन लावला, तो तिसऱ्या दिवशी लागला. तिथल्या ऑपरेटरने शांतपणे सांगितलं की कार्डांच्या काळात कोरी जागा मशीन शून्य म्हणूनच वाचायची. म्हणून प्रोग्रॅमला शून्य दिसलं की तो समजतो, फॉर्म आलेलाच नाही, आणि ते शेत सोडून देतो. आठ शेतं अशी गेली. ज्यांचं सगळं गेलं, नेमकी तीच. दहा ग्रॅमची रीत म्हणजे कुणा शहाण्याने या दुखण्यावर शोधलेलं औषध होतं, आणि मी फळ्यासमोर उभी राहून ते ओतून टाकलं होतं.

साहेबांना म्हटलं, शून्याच्या जागी दहा भरू या. ते म्हणाले, सहीच्या फॉर्मवर शून्य आहे, तुम्ही दहा कसे भरणार? मी हाताने केलेला तक्ता वर पाठवला. तो परत आला. मशीनचाच तक्ता चालेल, असा शेरा होता. पुढं मी पाच पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही.

शेजारच्या होबळीत वैरण उतरली, आमच्याकडं नाही. आप्पा एसटीने बीदरला आले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्यांनी कागदावरच्या चारच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हंजी माझं रान मोजून बी मोजलं न्हाई म्हण की," एवढंच बोलले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बैलजोडी उदगीरच्या बाजारात विकली. घरच्या गाईचे खोंड होते ते, आप्पांनी हाताने वाढवलेले.

पुढच्या वर्षी मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिले. प्रोग्रॅम तोच होता. सांगितलं, काही निघालं नाही तर दहा ग्रॅम लिहा, शून्य लिहायचं नाही. आणि या वेळी कारणही दोनदा सांगितलं. वर्ग सुटल्यावर म्हातारे तलाठी माझ्यापाशी आले. मी त्यांची माफी मागितली, म्हटलं, अण्णा, तुमचं ऐकायला हवं होतं.

ते म्हणाले, "अक्का, मी दहाच लिवायलो होतो. पहिली कापणी तुमच्या आप्पाच्याच रानात होती. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, माझ्या लेकीनं शून्य सांगितलंय, शून्यच लिवा. मग बाकीच्या रानात बी मी तसंच केलं."

हे आप्पांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. त्यानंतरही ते पुष्कळ वर्षं जगले, पण मी विचारलं नाही.